छपरावरचं भांडण

रोवेनानं माजघराचं सरकतं दार ओढलं, ते हललं नाही. दोन्ही हात लावून ओढलं तेव्हा वीतभर सरकलं आणि करकरून पुन्हा अडकलं. तिनं त्याला पायानं एक ठेवून दिली.

"मोडशील की गं!" शेगडीपाशी बसलेली तिची सासू मिनेयो कडाडली. "माज्यावरचा राग दारावर काढू नगंस. माज्या सासऱ्यानं बसवलेलं दार हाय ते."

"मग त्येंनाच बोलवा उघडाया. काल रातीपतुर गुमान सरकत हुतं. आज त्याला काय धाड भरली?"

मिनेयो काहीतरी खमंग बोलणार होती, पण 'काल रातीपतुर' हे शब्द तिला खटकले. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मोरीचं दार ओढून पाहिलं, तेही घट्ट. देवघराच्या खोलीचं तर जागचं हललंच नाही. तिनं मान वर करून दाराच्या वरचं लाकूड पाहिलं. दार आणि लाकूड यांच्यामध्ये एरवी बोट जाईल एवढी फट असते, ती कुठं दिसेना. 

एचिगो या बर्फाळ मुलखाच्या डोंगरात शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल, दारं आवळली की छप्पर हाक मारतंय. बर्फाच्या वजनानं तुळई वाकते, तुळई वाकली की दारं दाबली जातात, आणि एवढं सांगूनही जो बसून राहतो त्याच्या डोक्यावर एक दिवस घर येतं.

तीन दिवस बर्फ थांबलं नव्हतं. आधी ओलं, जड पडलं, त्यावर कोरडं. खालच्या खिडक्या हिवाळ्याआधीच फळ्या ठोकून बंद केल्या होत्या, त्या आता पार गाडल्या होत्या. आदल्या दिवशी कुठंतरी देवदार मोडून तारेवर पडला आणि वाडीची वीज गेली. विजेबरोबर घरातले सगळे नवे देव रुसले. पंख्याचा हीटर बंद, फोन मुका, आणि मुख्य म्हणजे छपराच्या पत्र्याखालच्या तापणाऱ्या तारा बंद. अडगळीतली काडीनं पेटणारी जुनी रॉकेलची शेगडी तेवढी इमानदार निघाली.

त्या तारा मिनेयोनंच हट्टानं घालून घेतल्या होत्या. तिचा नवरा कोसाकु छपरावरून बर्फाबरोबर पडून गेला त्या वर्षी.

तिच्या सासऱ्याच्या काळात वाडीत बावीस उंबरे होते. छपरं गवताची, पायात गवताचे जोडे, हातात बीच झाडाच्या लाकडाची वल्ह्यासारखी फावडी. सगळे पुरुष मिळून एका घरावर चढायचे, ते उरकलं की पुढच्या घरावर. खाली बायका उभ्या राहून हाका द्यायच्या आणि वरून ओ यायची. आवाज तुटू द्यायचा नाही, हा नेम होता. ओ आली नाही की हातातलं टाकून आधी उकरायला लागायचं. पुढं गवतावर पत्रा आला, तरणे पुरुष हिवाळाभर शहरात मजुरीला जायला लागले, आणि बायकाच फावडी घेऊन वर चढल्या. मिनेयोही चढली, मुलगा मोरिओ पोटात असताना. त्यानंतर घरं रिकामी होत गेली. कोसाकुच्या शेवटच्या हिवाळ्यात वाडीत तीन पुरुष उरले होते आणि तिघेही त्या दिवशी आपापल्या छपरावर एकेकटे होते. मिनेयो डोळे दाखवायला तालुक्याला गेली होती. बसनं परत आली तर छपरावर नुसतं फावडं उभं होतं.

"या छपरावर परत माणूस चढायचा न्हाय," असं तिनं तेव्हा मुलाला बजावलं. तारा घालून घेतल्या आणि शिडी तोडून जाळली.

आता रोवेना वर बघत होती. "मी चढती," ती म्हणाली.

"काय नगं. मोरिओ यील."

"कवा यील? मशीन घिऊन तालुक्याचे रस्ते मोकळे करतुया त्यो. दोन दिस झालं घरी न्हाय. सगळ्या गावाची दारं उघडतुया, फकस्त आपलंच मिटलंय."

"तर मग शेजाऱ्याच्या वरच्या घरी जाऊ."

"मधल्या घळीवर बर्फ लोंबतंय. तितं पाय ठिवला तर वरच्या घरी न्हाय, डायरेक वरच जाऊ."

"तुज्या जिभंला हाडच न्हाय बग. आगं, तू बाईमाणूस—"

"तुमी कोन हुता, रेडा?"

तेवढ्यात माथ्यावर टक्क असा आवाज झाला. मोठा नव्हता, वाळलेली काटकी मोडावी एवढाच. दोघींनी वर पाहिलं आणि मग एकमेकींकडं पाहायचं टाळलं. छपराच्या सांदीतून चिमूटभर जुनी काजळी गळून शेगडीवर पडली.

मिनेयो उठली आणि मुकाट्यानं दोर काढून आणला.

शिडी जाळल्याचं दुःख करायची गरज पडली नाही. बर्फ पडवीच्या पत्र्याला टेकलं होतं, माडीच्या खिडकीतून पाय टाकला की छप्पर. रोवेनानं तालुक्याला शिकायला राहिलेल्या लेकीचा शाळेचा, सायकलवर घालायचा पांढरा टोप डोक्यावर चढवलं. दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माडीच्या खांबाला. मिनेयोनं गाठ तीनदा ओढून पाहिली.

"काय, बैल बांधताय का?"

"बैल बरा. उलटून बोलत न्हाय."

रोवेनानं पत्र्याचं फावडं उचललं; मिनेयोनं भिंतीवरचं सासऱ्याचं लाकडी फावडं स्वतःच्या हातात घेतलं, रोवेनाच्या मागोमाग खिडकीतून उतरली आणि अंगणातल्या फळझाडापाशी जाऊन उभी राहिली. खालच्या माणसाची जागा तीच. पडवीपासून लांब, छपरावरचं बर्फ सुटलं तरी पोचणार नाही अशी. झाडाचा शेंडाच काय तो वर राहिला होता.

वर रोवेना छपराच्या कडेवर उभी राहिली. टोपाखाली तिचं तोंड कसं झालंय ते मिनेयोला दिसलं. ही बाई भ्यालीय. आणि भ्यालेला माणूस बर्फावर घसरतो.

हाक मारावी म्हणून मिनेयोनं तोंड उघडलं आणि घशातून आवाजच फुटेना. कोसाकु गेल्यापासून तिनं कुणाला खालून हाक मारली नव्हती. ओठ हलले, बाहेर नुसती वाफ आली.

"आवो, हाका द्या की!" रोवेना वरून ओरडली. "का थंडीनं जीभ गोठली? मग बरंच झालं म्हनायचं!"

मिनेयोचा घसा तिथल्या तिथं मोकळा झाला. "माजी जीभ गोठायला तुजं कालवन न्हाय ते! चिच्चा घालूनश्यान आंबटढाण करतीस, दात सळसळत्यात!"

"आन तुमचा मुळा? लोणच्याचं पिंप उघडलं की मांजर घर सोडून जातंय!"

"मांजर तुज्या गाण्यानं गेलं!"

अशी गाडी रुळावर आली. वर फावडं चालायचं, बर्फाचे ठोकळे धबाधब पडायचे, आणि त्यांच्यामधून वीस वर्षांचं उणंदुणं वर-खाली होत राहायचं. लग्नात मिनेयोनं नाक मुरडलं होतं ते निघालं. रोवेनानं नवी नवरी असताना रेशमी किमोनो गरम पाण्यात धुतला होता तो निघाला. हाका तेवढ्या राहिल्या बाजूला, पण आवाज तुटत नव्हता आणि मिनेयोला तेवढंच हवं होतं. एकेका टोमण्याला उत्तर आलं की तिचा जीव घटकाभर भांड्यात पडे.

"पैल्या हिवाळ्यात बर्फ बगून रडली हुतीस तू! वाडीभर हसं केलंस माजं!"

"आजून रडती!" वरून उत्तर आलं. "हरसाल रडती. तुमाला दिसू देत न्हाय येवढंच. समुद्रापल्याड आमच्या गावाकडं वादळात छप्पर उडून जाईल म्हनून भ्या वाटायचं, हितं टकुऱ्यावर बसंल म्हनून वाटतंय. माज्या नशिबी छप्परच वंगाळ!"

मिनेयोनं झाडाचा शेंडा धरला. वीस वर्षं ही पोर आपल्याशेजारी बसून मुळे चिरत होती, आणि आपल्याला हिचं भय कधी दिसलं नाही. तिला फार वाईट वाटलं. अंगण गप्प झालं.

"रोवेना?"

उत्तर नाही.

"आगं ए!"

वर फावड्याचाही आवाज नव्हता.  मिनेयोला कोसाकुचं छपरावर उभं राहिलेलं ते फावडं दिसलं, संध्याकाळचं अंगण दिसलं, आणि मग तिला नेम, जागा, झाड कशाचंच भान राहिलं नाही. खालच्या माणसानं जे जन्मात करायचं नसतं तेच तिनं केलं. "पोरी!" म्हणून ती थेट पडवीपाशी धावली.

रोवेना दम खायला टेकली होती, एवढंच. तिनं कडेवरून डोकं बाहेर काढलं मात्र, तिच्या शेजारचं सगळं बर्फ पत्र्यावरून सुटलं. मिनेयोनं गडगडाट ऐकला आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधार झाला.

डोळे उघडले तेव्हा काळोख होता. हात तोंडापाशी आलेला, तेवढी श्वासापुरती पोकळी. पाय कुठं आहेत ते कळेना. बोट हलवता येत नव्हतं. तिनं ओरडून पाहिलं, तिचा आवाज तिच्याच तोंडापाशी थिजला.

पण वरचं सगळं तिला ऐकू येत होतं. अगदी स्पष्ट.

"सासूबाई! बोला की! कालवन आंबट हाय म्हना! माजं गानं वंगाळ हाय म्हना!"

हाय गं, हाय, हितंच हाय, मिनेयो ओरडत होती. वर काही पोचत नव्हतं.

तेव्हा तिला कोसाकु आठवला. त्या संध्याकाळी बसमधून उतरून ती याच अंगणात उभी राहिली होती. "अवो, कुटं हाय तुमी?" म्हणून तिनं हाका मारल्या होत्या. परसदारी पाहिलं, घरात पाहिलं, मग कुठं फावडं हातात घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही येण्याआधीच गेले होते ते, त्यांना काही कळलं नसेल. त्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं जेवत होती, झोपत होती. आणि आता ती बर्फाखाली पडून सुनेचा शब्द न् शब्द ऐकत होती. त्यानंही ऐकलं असेल का? तिला असं भय आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मरणाचं तर होतंच, पण त्याहून हे मोठं होतं. तिला रडायचं होतं आणि रडायला हवा पुरत नव्हती.

वरच्या हाका थांबल्या. मग रोवेनाचा आवाज आला, पण आता ती ओरडत नव्हती, स्वतःशी बोलत होती.

"ह्या बाई येवढं ऐकून गप बसनाऱ्या न्हाईत. गाडल्या गेल्या. शेवटचं 'पोरी' म्हनल्या ते झाडापासनं न्हाय आलं. पडवीपासनं आलं."

धप्प असा आवाज झाला, आणि उकरणं सुरू झालं. आधी दूर, मग जवळ. रोवेना उकरता उकरता देवाचं नाव घेत होती, तिच्या माहेरच्या बोलीत, मध्ये मध्ये एचिगोच्या अस्सल शिव्या घालत होती. मिनेयोबरोबर गाडल्या गेलेल्या लाकडी फावड्याचा दांडा रोवेनाच्या हाताला लागला. तिनं तो ओढला आणि त्याच्यामागून उजेड आला.

मिनेयोचं तोंड मोकळं झालं. ती कितीतरी वेळ नुसती हवा ओढत राहिली. मग तिची नजर रोवेनाच्या कमरेवर गेली.

"दोर," ती कशीबशी म्हणाली. "दोर कुनी सोडाय सांगितला तुला, भवाने?"

रोवेना तिथंच बर्फात बसली आणि तिनं मोठ्यानं भोकाड पसरलं. अख्ख्या अंगणासमोर, काही न लपवता. मिनेयोनं एक हात बाहेर काढून तिच्या डोक्यावरच्या लेकीच्या टोपावर ठेवला.

दुपार कलता मोरिओचं पिवळं मशीन वाडीचा रस्ता फोडत आलं. सगळं पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी सांगितलं हुतं, चढू नगा म्हनून," एवढंच तो दहादा म्हणाला. छपराची दुसरी बाजू अजून भरलेली होती आणि आभाळ पुन्हा उतरत होतं. तो स्वतः चढला. बापासारखाच कामाचा वाघ आणि तोंडाचा मुका माणूस.

रोवेना झाडापाशी उभी राहिली. सासूला तिनं दोन गोधड्यांत गुंडाळून माडीच्या खिडकीत बसवलं होतं.

"बोला की वो," रोवेना वर ओरडली.

"काय बोलू?"

"त्येला भांडाय येत न्हाय सासूबाई!"

"त्येच्या बापाला बी येत नव्हतं," मिनेयो खिडकीतून म्हणाली. "तू कर सुरू. नवरा तुजा हाय. वीस वरसाचं काय न्हाय का तुज्यापाशी?"

होतं. भरपूर होतं. रोवेनानं कमरेवर हात ठेवून सुरुवात केली, आणि मोरिओ वरून "व्हय", "न्हाय", "चुकलं" असं जमेल तसं म्हणत राहिला. खाली माजघराचं दार हळूहळू सैल होत होतं.  खिडकीतून थंडी आत येत होती, पण मिनेयोनं खिडकी लावू दिली नाही.

मध्येच वरचा आवाज थांबला.

"मोरिओ!" दोघी एकदम किंचाळल्या.

"हाय! हाय! नाक शिंकरत हुतो!"

"बोलत बोलत शिंकर!" मिनेयो ओरडली, आणि खिडकीची चौकट धरलेले हात तिला बराच वेळ सोडवता आले नाहीत.