कुलूप नसलेलं घर

"हा दरवाजा नीट बघा," इंद्रजीत म्हणाला आणि सवयीनं जरासा थांबला. "या दाराला आजवर कधी कुलूप लागलेलं नाही. दिवसा नाही, रात्री नाही. काकासाहेब म्हणायचे, दलात येणाऱ्याला दार वाजवावं लागता कामा नये."

पाहुण्यांनी माना हलवल्या. दोघातिघांनी मोबाइल वर धरून दाराचे फोटो काढले. त्यांच्यामागं द्वारकाबाई पाण्याचे पेले मांडलेलं ताट धरून उभ्या होत्या. हे भाषण त्यांना तोंडपाठ होतं. आता पुढं काकासाहेबांची काठी येणार, मग शिट्टी, मग ज्या पलंगावर ते फारसे कधी झोपलेच नाहीत तो पलंग.

छावणीतल्या बाजारामागचं हे कौलारू घर काकासाहेबांचं. पहाट दल त्यांनी याच अंगणात सुरू केलं. त्या काळी खेड्यापाड्यांतली तरणी पोरं भल्या पहाटे उठून गावची विहीर उपसायची, रस्ते झाडायची, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायची. मग काकासाहेब गेले, पोरं नोकरीधंद्याला लागली, दल थकलं आणि घराचं स्मारक झालं. इंद्रजीत स्मारक समितीचा सचिव. द्वारकाबाई काकासाहेबांच्या सूनबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. समितीनं मागची खोली त्यांना राहायला ठेवली होती. त्या बदल्यात त्यांनी घर सांभाळायचं, असं कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच कोणाला वाटली नाही.

आज काकासाहेबांची जयंती. सकाळपासून माणसांची रीघ लागली होती आणि द्वारकाबाईंचे पाय भरून आले होते. त्यात सकाळीच कन्नडहून राजनंदिनीचा फोन आलेला. राजनंदिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची, मनकर्णाबाईंची, सून. सासूला ती आत्याबाई म्हणे.

"मावशी, आत्याबाईंचं काय खरं नाय आता," ती म्हणाली होती. "डॉक्टर म्हणले, घरी घेऊन जा. सारखं तुमचं नाव घेत्यात. आजच या. उद्याचं काय सांगावं?"

"येते गं," द्वारकाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. जन्मभर त्या माहेरच्यांना 'येते' एवढंच म्हणत आल्या होत्या.

कुलूप लावायचं नाही म्हणजे घरात कायम कोणीतरी हवं. इतकी साधी गोष्ट, पण ती कधी कोणाच्या भाषणात आली नाही. काकासाहेब गावोगाव फिरत, त्यांच्यामागं मुलगा विश्वजीत, म्हणजे द्वारकाबाईंचा नवरा, फिरे, आणि घरात सासूबाई असत. द्वारकाबाई लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी पिशवी भरली. "आता तू आलीस, सुटले बाई मी," असं म्हणून त्या चांगल्या महिनाभर माहेरी जाऊन राहिल्या. तेव्हा द्वारकाबाईंना हसू आलं होतं. आपल्यामागं सून येणार नाही, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

त्यांची आई गेली तेव्हा इथं शिबिर चालू होतं. घरभर पोरांच्या वळकट्या, विश्वजीत पोरांना घेऊन दूर कुठल्या तरी गावात. ते परतल्यावर द्वारकाबाई निघाल्या आणि पोचल्या तोवर राखसुद्धा सावडून झाली होती. माहेरचं कोणी नीट बोललं नाही. मनकर्णाताईनं तेवढं त्यांना न्हाणीघरात नेलं, गरम पाणी काढून दिलं आणि दाराशी उभी राहिली, म्हणजे आत मोकळेपणी रडता यावं. लहानपणीही ताईनंच त्यांना कडेवर वाढवलं होतं. ती ताई आता नाव घेत होती.

पहिला घोळका बाहेर पडला तसं द्वारकाबाईंनी इंद्रजीतला गाठलं.

"इंद्रजीत, मला कन्नडला जायाचंय."

"आज? काकू, आज जयंती आहे."

"ताई लई आजारी हाय रे. रात निघंल का नाय, सांगता येत नाय."

"अरेरे. मग जायलाच पाहिजे तुम्ही," तो लगेच म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "उद्या सकाळी मी स्वतः गाडीनं सोडतो. आजचा दिवस काढा कसातरी. दुपारी सगळे मंडपात जेवायला जाणार, तेव्हा इथं कोणी नको का?"

"दुसरं कुनी बसव की."

"असं कसं, काकू? एवढ्या वस्तू आहेत आत. परक्या माणसाच्या भरवशावर कसं सोडायचं?"

ज्या घराची ख्याती माणसांवरच्या भरवशासाठी, ते घर घटकाभर परक्या माणसाच्या भरवशावर सोडायची कोणाची तयारी नव्हती. पण वाद घालायला अंगात त्राण हवं. द्वारकाबाईंनी पेले विसळायला घेतले.

दुसरा घोळका बजाजनगरहून आला होता. कंपन्यांतली माणसं, सोबत बायका, सगळी घामाघूम. इंद्रजीतनं त्यांना दारापाशी उभं केलं आणि तेच सगळं सांगितलं. त्यातली एक बाई पाणी पिता पिता म्हणाली, "मग दिवसभर घरात कोण असायचं?"

"घरचं कोणी ना कोणी असायचंच," इंद्रजीत म्हणाला. "या, आता काकासाहेबांची काठी बघू."

घोळका पुढं सरकला. ती बाई मात्र रिकामा पेला ताटात ठेवताना द्वारकाबाईंकडं बघतच राहिली. "तुम्ही का?" तिनं हळूच विचारलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. "बाई गं," एवढंच ती म्हणाली आणि नवऱ्यानं हाक मारली म्हणून गेली. द्वारकाबाईंना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते अशा बाईनं, जिचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

दुपारी सगळे मंडपाकडं गेले. घर रिकामं झालं. द्वारकाबाईंनी एक लुगडं, औषधाच्या गोळ्या आणि मनकर्णाताईला आवडतात म्हणून थोडे खजूर पिशवीत टाकले. मग रस्ता ओलांडून त्या समोरच्या चांदपाशाच्या दुकानात गेल्या. खिळे, बिजागऱ्या, दोऱ्या, बादल्या असं दुकान, त्याच्या वडिलांपासूनचं.

"एक कुलूप द्या. चांगलं दणकट."

चांदपाशानं चष्मा वर सरकवला. "किसको, भाभी?"

"घराला."

"ताला तो देतूं," तो म्हणाला. "पर लगाते किधर? दरवाजे को कडी किधर है?"

द्वारकाबाई वळून समोरच्या दाराकडं बघायला लागल्या.

"भूल गये क्या, भाभी? मेरे अब्बाने ही निकाली थी ना. काकासाहेबने बुलाया, बोले, उखाड दो. टाळ्या वाजवल्या समद्यांनी, अब्बाच्या गळ्यात हार घातला. मैं छोटा था."

खरंच, त्या दाराला बाहेरून कडी नव्हती. कोयंडा नव्हता. आतूनही रात्री नुसतं लोटून घेऊन पाठीमागं पाटा टेकवायचा. सारा जन्म ते दार झाडलं-पुसलं, दिवाळीला तेलपाणी केलं, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली होती. त्यांना हसू फुटलं. दुकानाच्या पायरीवर बसून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. चांदपाशा घाबरून उठला.

"क्या हुआ, भाभी? कुठं जायाचंय का तुमाला?"

"माझी भैन चाललीय, भाईजान. कन्नडला असती ती."

"या अल्ला. मग जाव ना! मैं बैठतूं उधर. दुकान बंद करतूं."

"नका," द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत उठल्या. "तिथं एकदा बसलं की उठता येत नाय. तुमी आपलं दुकान बघा."

त्या परत गेल्या, पिशवी घेतली, मागच्या खोलीतला पंखा बंद केला. पुढचं दार त्यांनी ओढून घेतलं. ते जुन्या सवयीनं कुरकुरत पुन्हा हातभर उघडलं. एरवी त्यांनी खाली दगड सरकवला असता. आज त्यांनी तसंच राहू दिलं आणि नगर नाक्याकडं चालायला लागल्या.

एसटीनं दौलताबाद मागं टाकलं तेव्हा फोन वाजला.

"काकू, कुठं आहात तुम्ही?" इंद्रजीतचा आवाज चढला होता. "इथं घरात कोणी नाही! सगळं घर उघडं आहे!"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या. "उघडंच असतंय की ते."

त्यात टोमणा नव्हता. आणखी काही बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी फोन बंद करून पिशवीत टाकला. वेरूळचा घाट कधी आला नि गेला, त्यांना कळलं नाही.

कन्नडला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. राजनंदिनी त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. मनकर्णाबाई खाटेवर होत्या, चिमूटभर झालेल्या. डोळे तेवढे जागे होते.

"आलीस?"

"आले, ताई."

"परतीची गाडी कवा हाय?"

द्वारका आली की ताईचा हा पहिला प्रश्न असे. तिचं येणं नेहमी दोन गाड्यांच्या मधलं. चहा टाकायचा की जेवायला वाढायचं, हे ताईला त्यावरून ठरवावं लागे.

"आज गाडी नाय, ताई."

मनकर्णाबाई कोपर टेकून, कण्हत, ओठ घट्ट मिटून भिंतीकडं सरकायला लागल्या.

"आत्याबाई, हलू नका," राजनंदिनी पुढं धावली. पण त्यांनी ऐकलं नाही. थांबत थांबत त्यांनी अर्धी खाट रिकामी केली आणि त्या रिकाम्या जागेवर हात थोपटला.

"पड जरा," त्या म्हणाल्या. "लई दमलीस तू."

द्वारकाबाई आडव्या झाल्या. बाहेर अजून ऊन होतं, गल्लीत कोणीतरी नळावर भांडत होतं. मनकर्णाबाईंनी आपली अर्धी गोधडी ओढून तिच्या अंगावर घातली.