थर धरेना

शेषराव अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर होते. काचेची भांडी धुवायची, आम्लाच्या बाटल्या जागच्या जागी ठेवायच्या, कोणी हाक मारली की हजर व्हायचं. चारचौघांत बोलायची त्यांना धास्तीच होती. पण प्रियदर्शनी संशोधनाला आली आणि 'काका, इकडे बसा' म्हणून त्यांना आपलं काम समजावून सांगू लागली, तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरेना. एकवीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांना कोणी बसवलं नव्हतं.

"हायड्रोजन आन हवा एका डब्यात आणायची, काका. वीज निघते. धूर नाही, राख नाही, नुसतं पाणी."

त्या डब्यात तळहाताएवढ्या पोलादी पट्ट्या एकीला एक लावून बसवलेल्या असतात. आतलं गरम, आंबट पाणी त्यांना खातं. म्हणून पट्टीवर आधी निकेलचा आणि त्यावर क्रोमचा पातळ थर चढवायचा, असं प्रियदर्शनीचं काम. थर टिकला तर पट्टी टिकेल, पट्टी टिकली तर डबा.

थर काही टिकेना. गरम आम्लात ठेवलेल्या पट्टीवर तिसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके उठायचे आणि पापुद्रे सुटायचे. दोन वर्षं तिने आम्ल बदललं, वेळ बदलली, विजेचा दाब बदलला. ठिपके ते ठिपकेच. शेवटी तिच्या सरांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघ, नाही तर 'हा थर या कामाचा नाही' असं लिहून विषय बंद कर. कपाटात सहा पट्ट्या उरल्या होत्या.

"अकोल्याच्या रहमतुल्लाचाचाले दाखवून पाहू का?" शेषराव म्हणाले आणि लगेच ओशाळले. कुठे विद्यापीठाचं काम आणि कुठे सायकलीच्या हँडलला निकेल चढवणारा माणूस. पण प्रियदर्शनीने तेवढ्यात पट्ट्या पिशवीत भरल्या होत्या.

जठारपेठेच्या मागच्या गल्लीत चाचांचं दुकान. पन्नास वर्षं निकेलच्या टाकीत हात घालून त्यांची नखं हिरवट झाली होती. त्यांनी खराब झालेली पट्टी उन्हात धरली, नखाने खरवडली.

"थर बराबर चढला, बेटी. ज्याच्यावर चढला ते अंग मैलं हाय."

"धुते ना मी, चाचा. आधी सोडा, मग आम्ल, मग तीन पाणी."

"धुऊन दाखव. आमच्या इथं पाण्याची कमी नाही, नळ सकाळीच आलता."

तिने नवी पट्टी धुतली. चाचांनी ती तिरपी धरून वरून पाणी सोडलं. पाणी काचेसारखं सलग पसरलं.

"पाणी फाटलं नाही. म्हणजे साफ. टाक टाकीत."

"आधी पुसून वजन करा लागते. किती थर चढला ते वजनावरून कळते."

"आमी ओलीच टाकतो. वजन करत बसलो असतो तर गिऱ्हाईक सायकल घेऊन पळालं असतं. बरं, पूस."

शेषरावांनी पिशवीतून कापसाचा बोळा काढून दिला. हातमोजे घालूनच प्रियदर्शनीने पट्टी पुसली. चाचांनी पुन्हा पाणी सोडलं. या वेळी पाणी अळूच्या पानावरल्यासारखं थेंब थेंब होऊन इकडे तिकडे पळालं.

"फाटलं," चाचा म्हणाले.

"हातमोज्याले काही लागलं असन," प्रियदर्शनी म्हणाली. "दुसरे घालते."

शेषराव मात्र हातातल्या बोळ्याकडे बघत राहिले. स्टोअरमधला औषधी कापूस दोन दिवाळ्यांपूर्वीच संपला होता. मागणी तीनदा केली, आला नाही. त्या वर्षी गावाकडे कापसाला भाव नव्हता, भाऊ जानरावाच्या घरी तो आढ्याला टेकला होता. वहिनी मनकर्णाबाईंनी हाताने सरकी काढून पिशवी भरून दिली आणि शेषराव ती मोठ्या अभिमानाने घेऊन आले. पांढराशुभ्र, घरचा. मॅडमच्या कामाला यापेक्षा चांगलं काय द्यायचं?

गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. उद्यापासून बाजारचा कापूस आणून ठेवला की झालं. पण दोन वर्षं ती ज्याचं खापर स्वतःवर फोडत होती, ते तसंच तिच्यावर राहिलं असतं. आणि आपला अंदाज चुकीचा निघाला तर? आपल्याला काय कळतं यातलं?

शेषरावांनी बादलीतल्या पाण्यात थोडा कापूस टाकला. तो भिजेना. दाबला तरी वर येऊन तरंगत राहिला.

"मॅडम," ते म्हणाले, "हा स्टोअरचा नव्हे. घरचा हाय. कच्च्या कापसाले अंगचं तेल असते, पुसताना तेच पट्टीले लागते. मीच आणत होतो."

प्रियदर्शनीने बादलीकडे पाहिलं. वाकून तो कापूस स्वतः दाबून पाहिला.

"वऱ्हाडी माणूस," चाचा म्हणाले. "घरात कापूस असला की जखमेपासून गादीपर्यंत तोच घालते. तुमाले काय बोलावं, भाऊ? आमी पण हेच केलं असतं."

"कधीपासून, काका?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

तिने चेहरा दुसरीकडे वळवला. चाचांनी मग तिला न पुसता वाळवायची रीत दाखवली: शेवटचं पाणी कडक गरम घ्यायचं, पट्टी कडेला धरून उचलायची आणि तारेला टांगायची. क्षणात कोरडी होते. पैशांचं नाव काढलं तर म्हणाले, "हँडलले निकेल चढवलं का मी? मग पैसे कायचे?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे बघत होती. शेषराव पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

सहा पट्ट्यांपैकी तीन चाचांच्या रीतीने वाळवून, थर देऊन आम्लात गेल्या. शेषराव रोज सकाळी इतरांच्या आधी येऊन डोकावत. तिसरा दिवस गेला. सातवा गेला. पंधराव्या दिवशी प्रियदर्शनीने पट्टी बाहेर काढून धुतली आणि आधी त्यांच्या हातात दिली. एक ठिपका नव्हता.

"तुमी रागावल्या नाही मले," शेषराव म्हणाले.

"रागावले होते. बस मूर्तिजापूरले येईपर्यंत लय रागावले होते." ती हसली. "मग वाटलं, काका बोललेच नसते तर? मी या चांगल्या थराले वाईट लिहून मोकळी झाले असते. आन मले कधी कळलंही नसतं."

ती अहवाल घेऊन सरांकडे गेली. शेषरावांनी एक पोस्टकार्ड काढलं. चार ओळी लिहायला त्यांना दुपार लागली.

'रहमतुल्लाचाचांना आदाब. पट्टी पंधरा दिवस आम्लात राहिली, साफ निघाली. मॅडमचं काम पुढे चाललं. तुमचे उपकार आहेत, आणि मॅडमचेही माझ्यावर आहेत. शेषराव.'

शेवटची ओळ चाचांना लिहायची होती की मॅडमना, अशी त्यांना शंका आली. पण त्यांनी ती खोडली नाही, आणि पेटीत टाकायला ते स्वतः चालत गेले.