ज्यानं ब्रेक बसवले

ही गोष्ट २०१३ सालची. त्या जूनमध्ये शेजारच्या देशात पेटलेल्या रानांचा धूर सिंगापूरवर ठाण मांडून बसला होता. तो ओसरला आणि त्याच आठवड्यात वरुणनं शिडाची नाव विकत घेतली. त्याच्या ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ मायदेशी परत निघाला होता. त्यानं नाव दिली आणि ती वाहून न्यायचा दोन चाकांचा ट्रेलरही दिला. वरुणची मुलगी ऋता शाळेतून शिडाची नाव चालवायला शिकत होती, त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता. ओढायला एसयूव्ही होतीच. ट्रेलरचे ब्रेक तेवढे पार गंजले होते, ते नवे बसवायचे होते.

वरुणची आई, संजीवनीबाई, हे सगळं एका कानानं ऐकत होत्या. दुसरा कान नवऱ्याकडे होता.

निशिकांतराव चौतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात ब्रेकच्या विभागात, ब्रेक शॉपमध्ये होते, शेवटची बारा वर्षं फोरमन. निवृत्तीनंतर काही वर्षांनी दोघं सिंगापूरच्या बुकित बातोक भागात मुलाकडे आली. पहिली दोन वर्षं छान गेली. सकाळी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये जाऊन बसायचे, तिथल्या चिनी म्हाताऱ्यांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारायचे. मग उजवा हात थरथरू लागला. पार्किन्सन्स, डॉक्टर म्हणाले. एक दिवस कप बशीवर खडखडत राहिला आणि शेजारच्या टेबलानं वळून पाहिलं. त्या दिवसापासून त्यांचं खाली जाणं बंद झालं.

बाईंनी मग आपल्या परीनं कंबर कसली. नवऱ्याला चहा अर्धा कपच द्यायचा. शर्टाची बटणं आपण लावायची. लिफ्टपर्यंत जायचं तरी दंड धरायचा. ते काही म्हणत नसत. एका दुपारी मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वरुणला सांग, आपली परतीची तिकिटं काढ म्हणावं. तिकडं एका खोलीत पडून राहीन. इथं कुणाला अडचण नको."

बाईंच्या थोरल्या दिरांनी असंच पडून राहायचं ठरवलं होतं, आणि माणूस एकदा तसं ठरवून बसला की पुन्हा उठत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वरुणला त्यांनी काहीच सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करत दिवस ढकलत राहिल्या.

अशातच एका रविवारी जेवताना वरुणनं जाहीर केलं की ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक बसवायचे. चालकाच्या सीटजवळ एक डबी बसते, तिथूनच मागचे ब्रेक कमीजास्त करता येतात. त्याची बायको अश्लेषा म्हणाली, आपली गाडी एवढी दणकट, मागं वेगळे ब्रेक हवेतच कशाला?

तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर अवाक्षर न काढलेले निशिकांतराव बोलले. "गाडीचे ब्रेक गाडी थांबवतील. मागून हजार किलो तिच्या पाठीत घुसायला येतील, त्यांना कोण थांबवणार? ब्रेक हवेतच. पण इलेक्ट्रिक नकोत. नाव उतरवताना चाकं समुद्रात बुडणार. खाऱ्या पाण्यात विजेचं काम टिकत नाही. रेट्याचे ब्रेक घे."

रेट्याचे म्हणजे काय ते त्यांनी ऋताला समजावलं. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर पुढं रेटला जातो. त्या रेट्यानं जोडावरचा दांडा आत सरकतो आणि तोच चाकांचे ब्रेक ओढतो. वीज नाही, डबी नाही. ट्रेलर जेवढा अंगावर येईल तेवढाच स्वतःला आवरेल.

"बाबा, तुम्ही वीस वर्षांपूर्वीचं सांगताय," वरुण म्हणाला. वाईट हेतूनं नाही, मोबाइलवर काहीतरी बघता बघता.

निशिकांतरावांनी चमचा खाली ठेवला. ठेवतानाही तो ताटावर तीनदा वाजला. मग ते उठून आत गेले.

दोन दिवसांनी वरुण ऑफिसातून आला तो बूट न काढताच बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. ट्रेलर बुकित बातोकच्याच औद्योगिक भागात मिस्टर कोह नावाच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये ठेवला होता. वरुणनं त्याला इलेक्ट्रिक ब्रेकचं विचारलं, तर कोह म्हणाला होता, "सी वॉटर, ना? इलेक्ट्रिक कॅन्नॉट लाह. सिक्स मंथ्स, फिनिश." विजेचे सहा महिन्यांत बाद होतील, रेट्याचेच घे म्हणाला होता.

"तुम्ही म्हणालात तेच तो म्हणाला," वरुण म्हणाला. "शनिवारी येता का, बाबा? तुमच्यासमोर बसवून घेऊ."

"मी येऊन काय करू? पाना धरता येत नाही मला."

बाई दाराआडून ऐकत होत्या. त्या पुढं झाल्या. "हात माझे घ्या. डोकं तुमचं आणा."

"तुला पाना कुठला ते तरी कळतं का?"

"चौतीस वर्षं तुमचे काळे कपडे धुतलेत. पानासुद्धा कळेल."

शनिवारी सगळे गेले. कोहनं चाकांचे ड्रम, त्यांना आतून दाबून धरणारे शू, ओढायची केबल, सगळं बसवून ठेवलं होतं. चाकं जुळवायची, म्हणजे ब्रेक चाकाला किती जवळ ठेवायचा ते बसवायचं, तेवढं राहिलं होतं. निशिकांतराव म्हणाले, तेवढं आम्ही करतो. कोहनं एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं, एकदा बाईंच्या साडीकडे, आणि बसायला पत्र्याचे दोन डबे आणून दिले.

ट्रेलर जॅकवर उचलला होता. बाई चाकामागं बसल्या. निशिकांतराव कान लावून समोर. पाना फिरव, चाक फिरव. आता चाक अडलं ना? बरं. आता उलटं, एक दात. अजून एक. फिरव चाक. आत कापडावर नख ओढल्यासारखी हलकी सरसर ऐकू आली की थांबायचं. बाईंना ती ऐकू आली. इतकी वर्षं हा माणूस दिवसभर काय ऐकत होता, ते त्यांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळलं.

"बास," निशिकांतराव म्हणाले. ते डावं चाक झालं. मग उजवं. तेही "बास" म्हणून ते कोहशी बोलायला वळले.

ट्रेलर जोडला. नाव वर चढवून बांधलेलीच होती. वरुण म्हणाला, मी एकटा मागच्या रिकाम्या रस्त्यावर फेरी मारून येतो, तुम्ही सावलीत थांबा.

"तसं नाही चालत," निशिकांतराव म्हणाले. "आमच्या शॉपचा नियम होता. ज्यानं ब्रेक बसवले, त्यानं पहिल्या फेरीत बसायचं. साहेब असो की हेल्पर. म्हणजे हात आपोआप नीट चालतो. आज हात हिचे होते. ही पुढं बसेल, मी मागं."

बाई पुढं बसल्या. वरुणनं वेग घेतला आणि वडील म्हणाले तिथं ब्रेक दाबला. मागून धक्का येईल म्हणून बाईंनी दोन्ही हातांनी सीट धरली होती. धक्का आला नाही. गाडी आणि नाव एका दमात थांबल्या. पाच वेळा तसं केलं, पाचही वेळा तसंच.

पण परत येईस्तोवर जळका वास सुटला. निशिकांतराव उतरले. आधी डाव्या ड्रमजवळ त्यांनी हाताची मागची बाजू नेली, मग उजव्या. हात थरथरत होता, पण उजव्या ड्रमपासून तो विजेसारखा मागं आला.

"हा आवळलाय. मी बास म्हटल्यावर कुणी पाना लावला?"

कोहनं नाही म्हणून मान हलवली. बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा मी अर्धा पीळ जास्त दिला. पोर बसणार आहे गाडीत. म्हटलं, घट्ट असलेला बरा."

आणि मग सगळ्यांसमोर, वर्कशॉपमध्ये, निशिकांतराव फोरमन झाले. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द खणखणीत होता.

"ब्रेक जास्त आवळला म्हणजे गाडी सुरक्षित होत नाही. चाक मोकळं फिरलं पाहिजे. सारखं धरून ठेवलं तर तापतं, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. काळजी असेल तर हात जवळ ठेवायचा. आवळायचा नाही."

बाईंचे डोळे भरून आले. त्या रागावल्या नव्हत्या. नवराही फक्त ब्रेकबद्दल बोलत होता. पण त्यांच्या मनात अर्धा कप चहा आला, शर्टाची बटणं आली, दंडावरचा आपला हात आला. त्यांनी पुन्हा पाना घेतला, ड्रम निवेपर्यंत वाट पाहिली आणि अर्धा पीळ सैल केला. दुसरी फेरी कुठलाच वास न येता झाली. तीतही त्या पुढंच बसल्या.

सोमवारी सकाळी निशिकांतराव शर्टाच्या बटणांशी झगडत उभे होते. बाई पुढं झाल्या नाहीत. दहा मिनिटं लागली, एक बटण चुकलंच. मग ते म्हणाले, खाली जाऊन येतो, कोह म्हणत होता की दहा वाजता तो तिथं कॉफी प्यायला येतो. बाई दारात थांबल्या आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. नंतर त्यांनी गॅलरीतून किती वेळा वाकून पाहिलं, ते कुणाला सांगितलं नाही. पावणेबाराला ते परत आले. शर्टावर कॉफीचा मोठा डाग होता, आणि कोहच्या वर्कशॉपमध्ये एक लॉरी अडलीय, उद्या यायचं कबूल केलंय, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. तिकिटांचा विषय पुन्हा निघाला नाही.

निशिकांतराव त्यानंतर साडेचार वर्षं बुकित बातोकलाच राहिले आणि कोहच्या पत्र्याच्या डब्यावर बसून गिऱ्हाइकांना सल्ले देत राहिले. २०१८च्या फेब्रुवारीत ते गेले, तीन दिवसांच्या आजारपणात. कोह अंत्यविधीला पांढरा शर्ट घालून आला होता. पुढं त्यानं वर्कशॉप बंद केलं आणि तो शहराच्या उत्तरेला, वुडलँड्सला लेकीजवळ राहायला गेला. वरुण आणि अश्लेषा शहराच्या पूर्वेला, टॅम्पिनीसला मोठ्या फ्लॅटमध्ये गेली. नाव त्यांनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या शिरीष नावाच्या तरुणाला दिली. ट्रेलर देताना वरुणनं त्याला अख्खी दुपार उन्हात उभं करून चाकं जुळवायला शिकवलं. ऋता जहाजबांधणी शिकली.

संजीवनीबाई चिंचवडला परतल्या. बहिणीच्या शेजारी दोन खोल्यांत एकट्या राहतात आणि भाजी आणायला रोज स्वतः जातात. मुलाचा रविवारी फोन येतो. सोबतीला बाई ठेवू का म्हणून तो दर वेळी विचारतो, आणि बाई दर वेळी त्याला म्हणतात, तू फोन करत राहा, तेवढं पुरे.