नागूबाईची कुंची

मी एक जुनी कुंची आहे, मित्रांनो, पण माझ्यात कधी बाळ निजलं नाही. मी एमूच्या डोक्यावर बसते. एमू म्हणजे शहामृगाचा जरा बुटका भाऊबंद. बुटका म्हटलं तरी तुमच्या सरांच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहील एवढा!

माझा जन्म सोलापुरी चादरीतला. चादर विरली तेव्हा नागूबाईने तिचा काठाकडचा धड तुकडा कापला, दुमडून शिवला आणि चोचीसाठी पुढे भोक ठेवलं. माझ्या अंगावर अजून अर्धं फूल आहे. उरलेलं अर्धं तिच्या घरी पायपुसणं झालं. आमच्यात नशीबवान कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नागूबाई चिंचोळीजवळच्या एका कत्तलखान्यात पक्षी धरायचं काम करते. पूर्वी एमू पाळणारे पुष्कळ होते, तेव्हा गाड्या भरून पक्षी यायचे. आता महिन्यातून एखादी गाडी येते, नातेपुत्याकडून. कापण्याआधी प्रत्येक पक्षी डॉक्टरने जिवंतपणी तपासायचा असतो. चालतो कसा, श्वास कसा घेतो, डोळे आणि नाक स्वच्छ आहेत का. आजारी पक्ष्याचं मांस कुणाच्या ताटात जायला नको, आणि तो सोलणाऱ्या बायांनाही काही व्हायला नको. पण एमू बिथरला की हाड मोडेल अशी लाथ घालतो. डोळ्यांवर अंधार आला की मात्र अगदी गरीब होतो. तो अंधार म्हणजे मी.

नागूबाई मला अलगद चढवायची आणि म्हणायची, "गप, माझी बाय. कुटं न्हाय जायाचं." ती खोटं बोलायची आणि मी त्या खोट्यात सामील असायचे. माझ्या आत ऊब यायची, धडधड हळूहळू कमी व्हायची. दहा मिनिटांची सोबत. मग मला काढून दुसऱ्या डोक्यावर. शेकडो पक्षी मी शांत केले, पण माझी ओळख ठेवायला त्यातला एकही मागे राहिला नाही. गाडी नसली की महिनाभर खिळ्यावर लटकायचं. फार एकटं वाटायचं मला.

तपासणीला निवेदिता मॅडम यायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांच्या गुडघ्यावर लाथ बसली, आणि तेव्हापासून तपासताना त्या मला काढूच देत नसत. लांबून चाल बघायच्या, श्वास मोजायच्या आणि सही करायच्या. पक्ष्याचे डोळे माझ्याखाली झाकलेलेच राहायचे.

गेल्या मंगळवारी बारा पक्षी आले. पहिली मादी माझ्यात शिरली आणि मला लगेच कळलं. तिच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, चिकट पाणी माझ्यात झिरपत होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण कापडाला कसलं आलंय तोंड! मॅडमनी खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात नागूबाईने माझी घडी सारखी करायला आत बोट घातलं. बोट चिकट झालं. तिने ते नाकाशी नेलं.

"म्याडम, सही करू नगा. कुंची आतनं वली हाय."

"घाम असंल," महिपती मुकादम वैतागून म्हणाला. "बारा पक्षी हायत, चल फुडं. न्हायतर उद्यापासनं येऊ नगंस."

"पक्ष्याला घाम येतो व्हय, मुकादम?" नागूबाई म्हणाली, आणि तिने मादीची मान सोडली नाही.

पक्ष्यांना घाम येत नाही, हे मॅडमना शिकवायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. त्या पुढे आल्या आणि लाथेची पर्वा न करता त्यांनी स्वतःच्या हाताने मला काढलं. मादीचे सुजलेले डोळे त्यांनी वाकून जवळून पाहिले.

"सगळ्यांना हीच एक कुंची घालता?" त्यांनी विचारलं.

"व्हय. मदी धुवू देत न्हाईत. वल्ली घातली की पक्षी बुजतंय म्हनं."

माझ्या कौतुकाच्या उबेतून मी आजवर किती जणांचा आजार किती जणांना वाटला असेल?

बाकीचे अकरा पक्षी वेगळे ठेवले, नमुने तपासायला गेले. ती मादी वाचण्यासारखी नव्हती. मॅडमनी इंजेक्शन भरलं. "हिला चुना टाकून पुरायचं. कुंचीही पुरावी लागेल," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "चूक माझी आहे, नागूबाई."

"मग हिच्या डोस्क्यावरच ऱ्हाऊ द्या की," नागूबाई म्हणाली. "एकटीला कशाला पुरायचं?"

तिने मला पुन्हा चढवलं. या वेळी ती खोटं बोलली नाही. मॅडमनी इंजेक्शन दिलं, मादी निपचित झाली, तरी ती नुसती मान कुरवाळत बसली.

महिपती चुना आणायला गेलाय, तेवढ्या वेळात तुम्हाला हे सांगते आहे. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही, त्याला तपासताना आधी त्याच्या डोळ्यांवरचं झाकण काढा. भीती वाटली तरी काढा. आणि एकाची कुंची दुसऱ्याला घालण्याआधी धुवा.

हिची मान अजून उबदार आहे. आता मला कुणी काढून नेणार नाही.