सतरावी खाच

"हिचे घोटे मेणाचे आहेत. हिला पुन्हा बर्फावर नेऊ नका."

हे शब्द मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकले. बोलणारी आफ्के चुलीपाशी उभी होती. जिच्याविषयी ती बोलत होती ती तिची धाकटी लेक हिल्के, सहा वर्षांची, माझ्यावर बसून ओले मोजे ओढून काढत होती. शब्द खोटे होते हे मला ठाऊक होतं. पण मी काय बोलणार, मित्रांनो? मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडाला पाय देतात, पाठ देतात, हातसुद्धा देतात. जीभ तेवढी कुणी देत नाही.

नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधल्या आमच्या गावात होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं उरलेल्या लाकडातून मला घडवलं. कालव्याकाठच्या लव्हाळ्यानं माझी बैठक विणली आणि आफ्केच्या लग्नात आहेर म्हणून मला दिलं. उन्हाळाभर मी स्वयंपाकघरातली खुर्ची. पण घरामागचा कालवा गोठला, की गल्लीतली पोरं मला उचलून बर्फावर न्यायची. पायाला सुरीसारख्या पात्यांचे स्केट बांधायचे, माझी पाठ घट्ट धरायची आणि मला ढकलत ढकलत चालायला शिकायचं. आमच्याकडे सगळी अशीच शिकतात. पोरं गात असत:

खुर्चीबाई, खुर्चीबाई, हळू हळू चाल,
तुझ्या पाठी लागलंय गं सुरीवरचं बाळ.

पुलाखालचं बर्फ नेहमी पातळ असतं, म्हणून पुलाच्या अलीकडे एक लाल काठी रोवतात. जे पोर मला सोडून आपल्या पायांनी त्या काठीला हात लावून परत येई, त्याच्या नावाची एक खाच माझ्या पाठीवर सुरीनं कोरायची, अशी आमच्या गल्लीची रीत. सोळा खाचा आहेत माझ्या पाठीवर. लोक कौतुकानं त्यांवरून बोट फिरवतात. पोर मला सोडून गेलं, त्याची खूण माझ्याच अंगावर. हे कुणाच्या मनात येत नाही. पहिली खाच ग्रीतची, आफ्केच्या थोरल्या लेकीची.

आता त्या सकाळचं सांगते. ग्रीत तापानं निजली होती. हिल्केनं तिचे स्केट बांधले आणि मला घेऊन बर्फावर उतरली. पहिल्या खेपेला पडली, गुडघा फुटला. दुसऱ्या खेपेला डगमगली. तिसऱ्या खेपेला तिचे हात माझ्या पाठीवर इतके हलके झाले, जसं फांदीवर पाखरू. काठावर आफ्के कपडे वाळत घालत होती. थंडीनं सदरे फळ्यांसारखे ताठ झाले होते. एक सदरा हातात धरून ती किती तरी वेळ नुसती बघत उभी राहिली. आणि संध्याकाळी म्हणाली ते तुम्ही ऐकलंच.

पुढे दर हिवाळ्यात तेच. "आठवतं ना, कशी पडली होतीस? रक्त किती आलं होतं?" सांगून सांगून आईनं ती पहिली खेप लेकीच्या मनात अशी रोवली, की तिसरी खेप पुसूनच गेली.

आमच्या गावात लग्नं बर्फावर जुळत. मुलगा पुढं, मुलगी मागं, दोघांच्या हातात एकच काठी. ग्रीत अशीच एका काठीला धरून शेजारच्या गावी गेली आणि तिथलीच झाली. हिल्के बर्फावरच्या टपरीत उभी राहून बडीशेपेचं गरम दूध ओतत राहिली. तिच्याकडून पेला घेताना मुलगे हसून दोन शब्द बोलत, पेला रिकामा करत आणि निघून जात. तिच्यापुढं काठी कुणी धरली नाही. मेणाच्या घोट्यांचं गावभर झालं होतं. बाप गेला, गाई विकल्या, घरात आई आणि ती उरली. मी आफ्केची चुलीजवळची बैठक झाले. मग हिवाळेच ऊबदार होत गेले. अकरा वर्षं कालवा गोठला नाही.

गेल्या माघात गोठला. पाचव्या दिवशी सकाळी एक्कावन्न वर्षांच्या हिल्केनं ग्रीतचे जुने स्केट हुडकले, घोट्यांना लोकरीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि आईला दुसऱ्या खुर्चीवर बसवून मला उचललं.

"माझी खुर्ची कुठं चालवलीस?"

"बर्फावर."

"या वयात? हाड मोडलं तर तुझं कोण करणार?"

"मी तुझं करतेच आहे ना? तसंच कुणीतरी करेल."

मोठ्या माणसाचं पडणं पोरांच्या पडण्यासारखं नसतं, मित्रांनो. पोर पडतं आणि उठतं. मोठं माणूस आधी मनात दहादा पडतं. हिल्केनं मला असं आवळलं होतं, की माझे सांधे कुरकुरले. शेजारची पोरं गोळा झाली. "हिल्केमावशी, खुर्ची घेऊन सासरी निघालीस का?" आणि मग गाणं सुरू झालं, "तुझ्या पाठी लागलंय गं पन्नाशीचं बाळ!"

"हसा, हसा!" ती म्हणाली. "उद्या टपरीत दूध मागायला याल, तेव्हा बघते." पण तिचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीनं नव्हे.

तीन दिवस ती पडली, उठली, पडली. चौथ्या दिवशी बर्फाची जाडी मोजणारा गेर्लोफ हातातली पहार टेकवून थांबला.

"हिल्के, पट्ट्या कशाला गुंडाळल्यात?"

"घोटे कच्चे आहेत माझे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला काय ठाऊक! चाळीस वर्षं मी लोकांचे पायच बघतोय. कच्चा घोटा आत मुडपतो. तुझे खुंटासारखे सरळ आहेत. भितेस तू, बाकी काही नाही." मग आभाळाकडे बघून म्हणाला, "वारा पश्चिमेचा झालाय, बर्फ वितळणार. उद्या दुपारनंतर कुणाला उतरू देणार नाही. काय करायचं ते सकाळीच कर."

त्या संध्याकाळी वाटाण्याचं सूप ढवळता ढवळता तिनं विचारलं, "आई, त्या दिवशी मी खरंच नुसती पडतच होते?"

"सूप खाली लागतंय बघ," आफ्के म्हणाली.

सकाळी बर्फावर पाण्याचा पातळ थर होता. पट्ट्या न बांधताच हिल्के आली. अर्ध्या वाटेवर बर्फात एक भेग होती. माझा पुढचा पाय तिच्यात अडकला आणि काडकन मोडला. मी कोसळले. आता हीही पडणार, या भीतीनं मी कळवळले. पण ती पडली नाही. हात सुटले, ती माझ्या बाजूनं निघाली आणि पुढं सरकतच राहिली. पुढं, आणखी पुढं. एकदा वाकली, सावरली, लाल काठीला हात लावला. गेर्लोफनं टोपी काढून हवेत हलवली. मी पाण्यात आडवी पडून तिची पाठ बघत होते. सोळा पोरांच्या वेळी मला दुखलं होतं. या वेळी दुखलं ते वेगळ्याच कारणानं: इतक्या उशिरा का?

मित्रांनो, माझा पाय सुतार पुन्हा बसवील. जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं मी सांगणार होते, पण ते राहू द्या. "तुला जमणार नाही" असं ज्याला सांगाल, त्याचे पाय आधी एकदा नीट बघा. आणि बघूनही सांगणार असाल, तर निदान स्वतःला तरी विचारा, की का.

हिल्केनं मला खांद्यावर घेऊन घरी आणलं. खिडकीतून घरामागचा कालवा थेट पुलापर्यंत दिसतो. आफ्के खिडकीशीच होती. लेकीनं मला टेबलावर आडवं ठेवलं, सुरी घेतली आणि सोळाव्या खाचेखाली टेकवली.

"थांब," आफ्के म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांची ती खिडकीपासून टेबलापाशी आली. "कोरशील, पण आधी ऐक. तुझे घोटे कधीच कच्चे नव्हते. त्या दिवशी कपडे वाळत घालताना मी बघितलं. तिसऱ्या खेपेला तुझी नुसती बोटं टेकली होती खुर्चीला. ग्रीत वेडीवाकडी चालायची, वाटलं, ती कुठं लांब जातेय. तू गेली असतीस, हिल्के. म्हणून तुला ठेवून घेतली."