चारी दिशांचे पाणी

लोट्याच्या काठाला एक थेंब लोंबत होता — पडत नव्हता, सुकत नव्हता — आणि त्याच्याकडे पाहता पाहता गुणाजीला आपण ओंजळ पुढे केल्याचे भानच राहिले नव्हते.

"वंजळ नीट धर, मास्तर. आनि वायच मागं सर, टाक्यात शिंतोडा जायचा," भिकू गुरव वरून पाणी ओतत म्हणाला.

गुणाजी मागे सरला. शिलालेखाचा ठसा घ्यायचा तर कागद भिजवावा लागतो, आणि डोंगरावर पाणी एवढेच. लेण्याच्या दाराशी कातळात कोरलेल्या टाक्यातले. महार मास्तराने ब्राह्मी वाचण्याला गावाची हरकत नव्हती — ती लिपी आता कुणाचीच नव्हती. हरकत पाण्याला होती. आत स्तूपाला शेंदूर फासलेला. ज्याने जात विचारली नाही, त्याच्याच घरात जात विचारायला गुरव नेमलेला. इतिहासाला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?

"काय लिवलंय रं?"

"एका भिक्खुणीनं हे टाकं कोरवून दान दिलं, भिकूबुवा. चारी दिशांच्या संघाला."

"बाईनं? ह्या! पांडवांनी येका रातीत खोदलं. बाई कुठं आसं पानी देते?"

"तुमच्या घरी कोण देतं?"

"देते, पन शिव्या घालून!" भिकू खदखदून हसला, आणि लोटा काठावर पालथा घालून जेवायला डोंगर उतरू लागला. "मी यीस्तवर हात लावू नको हां, बाबा. मला गावात ऱ्हायचंय."

मग खाडीवरून येणारा खारा वारा, आणि तहान. ओंजळीतले सगळे पाणी कागदाने पिऊन टाकले होते... महाडच्या तळ्यावर त्याने ओंजळ भरली होती, तेव्हा पाण्याची चव कळलीच नव्हती. चव होती ती खांद्याला भिडलेल्या खांद्यांची. इथे खांदा नाही. इथे एक बाई आहे, जिचे नाव पावसाने खाल्ले, 'भिक्खुणी' एवढे सोडले — आणि साऱ्या पंचक्रोशीत तिच्याशी बोलू शकणारा मी एकटा. चारी दिशा, बाई? महारवाडा गावाच्या पूर्वेला आहे. पूर्व ही दिशा आहे, एवढे पंचांनाही मान्य असावे.

कुणी पाहत नाही. पी.

पण चोरून प्यावे, म्हणजे पाणी त्यांचे असल्याची कबुलीच की! ते तर तिने दिलेले... दिलेले कुणी चोरते का?

भिंतीवरचा कागद वाळून कडांनी सुटू लागला. गुणाजीने लोट्याला हात लावला नाही. बाह्या सारून तो काठाशी बसला, ओंजळ पाण्यावर धरली, आणि भिकू परत येण्याची वाट पाहू लागला. बघू दे त्याला. बघणारा हवाच, मग तो एकटा येवो की गाव घेऊन. इतकी वर्षे जपलेला थंड राग शोधून पाहिला, तर त्याच्या जागी नुसती वाट पाहणे होते — कुणाचीही, गुरवाचीसुद्धा.

खाली करवंदीच्या जाळीत काही वाजले. पाऊल? वारा?

माझे हात पाण्याला अजून टेकले नव्हते. पण ते मागे कसे घेतात, हे मी विसरून गेलो होतो.