सोमवारच्या सह्या

कारखान्यात फोरमनला सगळे ‘थांबा’ म्हणत. कुणी विजेच्या चालू पॅनेलकडे वळला की हा लांबूनच ओरडायचा, “थांबा!” सहा वर्षं साहेबांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे त्याचा एक कागद मंजूर झाला. वीज बंद केली आहे, फोरमनने स्वतः तपासली आहे, आणि खाली त्याची सही. त्याशिवाय दुरुस्तीला पॅनेल उघडायचं नाही.

महिनाभर बरं चाललं. मग साहेब म्हणाले, “तुम्हाला शोधेपर्यंत मशीन बसून राहतं. आठवड्याच्या सह्या सोमवारीच करून ठेवा, बाकीचं कारकून भरेल.” थांबा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, मग कागदच बंद करू. नाहीपेक्षा बरं, असं मनाशी म्हणत त्याने कोऱ्या कागदांवर मुकाट्याने वीस सह्या ठोकल्या. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही.

गुरुवारी त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, तिथलाच इलेक्ट्रिशियन, कागद घेऊन पॅनेलपाशी गेला. दार उघडून हात घातला आणि आगीचा लोळ अंगावर आला.

दवाखान्यात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. बहीण चमच्याने पाणी पाजत होती.

“दादा, माझं काय चुकलं तेच कळत नाही,” मेहुणा म्हणाला. “एरवी मी टेस्टर लावल्याशिवाय बोट घालत नाही, तुम्हाला माहितीये. पण कागदावर तुमची सही होती. म्हटलं, दादांनी बघितलंय ना, मग झालं.”

थांबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद नसता तर या माणसाने टेस्टर लावला असता.

“तुझं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “मी बघितलंच नव्हतं. सही सोमवारची होती.”

बहिणीचा हात मध्येच थांबला. तिने चमचा पेल्यात ठेवला. मग म्हणाली, “आज तिथे कोण काम करतंय, दादा?”

तो धावत बाहेर गेला आणि कारकुनाला फोन लावला. “माझ्या सहीचे उरलेले कागद फाडून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“ते सकाळीच संपले की,” कारकून म्हणाला. “पण तुम्ही इकडची काळजी करू नका, पेशंटकडे बघा. साहेबांनी एका कोऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, तुमच्या सहीसकट. वर्षभर पुरतील.”